श्रावणबाळाची बहीण

एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की आपल्या जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांत फळवाटप होते. केळ्यांच्या मुलखात म्हाताऱ्यांना दोन-दोन केळी देतात, फोटो काढतात आणि मग भाषण होते. भाषण ठरलेले असते. आजच्या पिढीचे संस्कार उडाले, पाश्चात्त्यांची नक्कल करण्यात घरे मोडली, वृद्धाश्रम ही आपली संस्कृतीच नव्हे, शेवटचा वृद्धाश्रम बंद पडेल तो सोन्याचा दिवस. समोर बसलेल्या म्हाताऱ्या मान हलवतात. त्यांचे लक्ष जेवणाच्या घंटेकडे असते.

या भाषणात कुणाचे नाव घेतलेले नसते, तरी आरोपी कोण ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. आरोपी सून. ‘मुलगा बिचारा चांगला आहे हो, पण ती आली आणि…’ हे वाक्य पाचोऱ्यात रिक्षा स्टँडपासून तहसीलच्या व्हरांड्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. मुलाला हातपाय असतात, पगार असतो, सातबाऱ्यावर नाव असते, घरात शेवटचा शब्द त्याचा असतो. आईचे काय करायचे हा प्रश्न आला की मात्र तो एकाएकी बिचारा होतो.

माझी आई गेली तीन वर्षे जळगाव भागातल्या एका आश्रमात आहे. तिला दोन मुलगे आणि आम्ही दोघी मुली. आश्रमाचे नाव इथे घेत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही. प्रवेशाच्या दिवशी जो फॉर्म भरून घेतला त्यात ‘मुलाचे नाव व पत्ता’ असा रकाना होता. त्याच्या खाली ‘मुलगा नसल्यास’ असे छापून मग मुलीसाठी जागा. फी मी भरणार होते, रात्री फोन आला तर धावणार मी होते, पण माझे नाव लिहायचे तर आधी दोन्ही भावांना कागदावर मारावे लागले असते. मी समासात लिहिले. आजही आईच्या फाइलीत मी समासात आहे.

हे एका फॉर्मपुरते असते तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. सरकारचे कागद बघा. ६५ वर्षांपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना राज्य सरकार जे निवृत्तीवेतन देते त्याचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. पैसे सरकारी तिजोरीतले, म्हणजे तुमच्या-माझ्या करातले, पण नाव एका मुलाचे. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, तिला वयाची अट २१ ते ६५. म्हणजे सरकारच्या लेखी बाई ६५ वर्षांपर्यंत कुणाची तरी बहीण, आणि त्यानंतर कुणा श्रावणाची आई. ती स्वतः, एक नागरिक म्हणून, कोणत्याच योजनेत नाही. याच्या खूप आधी, १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम काढायची योजना आखली, तिचे नाव ठेवले ‘मातोश्री’. जळगावजवळ सावखेड्यालाही मातोश्री आनंदाश्रम आहे. पैशाला मुलाचे नाव, छपराला आईचे नाव. लेक कुठे आहे? ती एस.टी.त आहे, मांडीवर डबा आणि डायपरची पिशवी घेऊन.

श्रावणाला बहीण होती का, हे कथा सांगत नाही. कथेच्या काही लोकरूपांत त्याला बायको मात्र आहे, आणि ती दुष्ट आहे. दुहेरी पोटाचे मडके करून घेते, एका भागात नवऱ्यासाठी गोड आणि दुसऱ्यात आंधळ्या सासू-सासऱ्यांसाठी आंबट रांधते. नवरा तिला टाकून देतो आणि कावड खांद्यावर घेतो. कित्येक शतकांपूर्वीची ही मांडणी आणि फळवाटपाचे भाषण यांत काडीचा फरक नाही. मुलाने कावड उचलली याचे कौतुक. त्याआधी रोज चूल कोण पेटवत होते, आंधळ्यांना परसाकडे कोण नेत होते, याची विचारपूसही नाही.

नाटक-सिनेमाने हीच रीत चालवली. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्या बापासाठी सारा महाराष्ट्र रडला. रडायला हरकत नाही. पण आश्रमांत जाऊन बघा, खाटांवर जास्त करून बाया दिसतील. आपल्याकडे नवरा वयाने मोठा असतो, तो आधी जातो. त्याच्या शेवटच्या आजारपणात त्याचे सगळे बायको करते. तिच्या वेळी करायला नवरा नसतो, आणि नावावर घरही नसते. त्या बाईवर कुणी स्वगत लिहिले नाही.

घर मोडले असे म्हणणाऱ्यांना विचारायला हवे, की मोडण्याआधी ते कसे होते? आमच्या भागात भावाभावांत वाटणी झाली की भांडी, बैल आणि विहिरीचे पाणी यांच्याबरोबर आई-बापही वाटले जातात. विहिरीच्या पाण्याची पाळी असते तशी आईची पाळी. थोरल्याकडे चार महिने, मधल्याकडे चार, धाकट्याकडे चार. अधिक महिना आला की तो कुणाच्या पाळीत धरायचा यावरून भांडण. कुठे आई थोरल्याकडे आणि वडील धाकट्याकडे, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षे एका घरात काढलेली दोन माणसे एकाच गावात दोन गल्ल्यांत. बोचके उचलून दर चार महिन्यांनी दुसऱ्या दारात उभी राहणारी म्हातारी भाषणवाल्यांच्या संस्कृतीत बसते, आणि एका जागी स्वतःची खाट असलेली म्हातारी बसत नाही.

आमच्या बैठकीला येणाऱ्या एका आजींनी हे सगळे एका वाक्यात सांगितले होते. “माले तीन आंडोर शेतस, पन भाकर आंडेर देस.” तीन मुलगे आहेत, भाकर मुलगी देते. मुलगी त्याच गावात दिलेली, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी. वेचणी किलोवर असते. ज्या दिवशी ती आईला दवाखान्यात नेते त्या दिवशी तिचा किलो शून्य.

आणि ही मुलगी काय सोडून बसलेली आहे? खान्देशातल्या बहुतेक लेकींनी सोडले तेच. बाप गेला, दशक्रिया झाली, वारसनोंदीचा विषय निघाला की भाऊ बहिणींना तालुक्याला घेऊन जातात. साडी घेतात, हॉटेलात जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. माहेर तुटू नये म्हणून बाया तो देतात. कायद्याने हिस्सा आहे हे माहीत नसते असे नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती, तिच्यात आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ साली देशभर कायदा झाला तेव्हा ती अट गेली. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. कायद्याच्या पुस्तकात आपण जिंकलो आहोत. तालुक्याच्या हॉटेलात हरतो.

आता दुसरी बाजू बघा. म्हाताऱ्या आई-बापांना पोसण्याची जबाबदारी हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने १९५६ सालीच मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली होती. म्हणजे वडिलोपार्जित इस्टेटीत बरोबरीचा वाटा मिळायच्या कितीतरी आधी बरोबरीचे कर्तव्य आले. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीवर तिच्या वडिलांनी पोटगीचा दावा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ साली त्याचा निकाल लागला. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची, तिच्यावर जबाबदारी येत नाही, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला नाही. स्वतःचे उत्पन्न असेल तर विवाहित मुलगीही जबाबदार, असे ठरले. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. मुलगी परक्याचे धन नाही हे आपणच म्हणत आलो, मग जबाबदारीच्या वेळी तिला परकी कसे म्हणणार? पण तेच न्यायाचे तत्त्व अर्धे वापरले जाते. लेकीने हिस्सा सोडला म्हणून तिचे कर्तव्य कोणताही कायदा माफ करत नाही. हक्कसोडपत्र रोज नोंदवले जाते. कर्तव्यसोडपत्र कुणी पाहिले आहे का?

भाऊ म्हणतील, आम्ही पैसे देतो की. काही देतात, खरे आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या सुमारास ठराव केला होता, की जे कर्मचारी आई-बापांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून ३० टक्के कापून आई-बापांच्या खात्यात भरावेत. पेपरांत फार वाहवा झाली. असा पैसा मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पैसा खात्यात जमा झाल्यावर तो काढायला बँकेत कोण जाते? आईच्या बोटांचे ठसे आयुष्यभराच्या निंदणी-वेचणीने झिजलेले असतात, यंत्र त्यांना ओळखत नाही. तीनदा, चारदा अंगठा टेकवायचा, पाणी लावून पुसायचा, पुन्हा टेकवायचा. तिला रिक्षातून उचलून बँकेच्या पायऱ्या चढवायच्या. हयातीचा दाखला द्यायचा. मग आश्रमात परत नेऊन नखे कापायची, पाठ उघडी करून बघायची की कुठे लाल झाले आहे का. खाटेला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम पडली की ती हाडापर्यंत जाते. खालची कवळी कुठे गेली ते शोधायचे, कानातल्या यंत्राची बॅटरी बदलायची, सकाळची गोळी संध्याकाळी दिली जात नाही ना ते पाहायचे, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींशीही दोन शब्द बोलायचे, कारण त्यांच्याकडे कुणी येत नाही. आईला आश्रमात ठेवले म्हणजे मुली सुटल्या असे ज्यांना वाटते त्यांनी एक रविवार आमच्याबरोबर यावे.

या कामाला हिशेबात जागा नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली माणसांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात २६, बाया ८१. घरातल्या सदस्यांची काळजी घेण्यात बाया १३४ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ७६. हे आकडे बोलके आहेत, पण रकान्याचे नाव वाचा. ‘घरातल्या सदस्यांची’ काळजी. आश्रमातली आई घरातली सदस्य नाही, म्हणून पाचोऱ्याहून जाऊन-येऊन मोडलेला माझा दिवस या १३४ मिनिटांत धरलेला नाही. मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. त्या सवलतीवर किती लेकी आईकडे जातात ते वाहकांना विचारा.

एक गोष्ट इथे आपल्या आपल्यातही बोलायला हवी. आश्रमात आईची पाठ तपासणारी लेक घरी गेल्यावर सून असते. तिकडे कॉटवर सासू असते, तिचीही पाठ असते. लेक म्हणून जी बाई भावजयीवर चिडते, तिच्यावरच तिची नणंद चिडलेली असते. चार बायांचा असा फेर धरून आपण एकमेकींना बोल लावत फिरतो, आणि फेराच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले भाऊ-नवरे-मुलगे यांच्यापर्यंत कुणाचाच आवाज जात नाही. माझी भावजय शाळेत डबे पोचवते, घरची गाय बघते, दोन मुले वाढवते. तिने माझ्या आईचे हगणे-मुतणे काढले नाही म्हणून मी तिला दोष देणार नाही. ते काढायला आईचा मुलगा घरात होता. त्याला कुणी शिकवले नाही, ही सबब मी मान्य करत नाही. मलाही कुणी शिकवले नव्हते.

चळवळीतही आपण सासूला फार काळ खलनायिका करून ठेवली. हुंड्याच्या, जळिताच्या केसेस लढताना ते ओघाने आले, तिथली सासू निर्दोष होती असेही मी म्हणत नाही. पण ती सासू आता पंचाहत्तरची आहे. जी सत्ता तिने सुनेवर गाजवली ती तिला मुलाच्या नावाने उसनी मिळालेली होती, आणि मुलाने ती परत घेतली. तिच्या हातात जमीन नाही, पैसा नाही, औषधाची गोळीही दुसऱ्याने दिली तर. अशा बाईचा प्रश्न आपण ‘कौटुंबिक’ म्हणून बाजूला ठेवला, तर तो त्या फळवाटपवाल्यांच्या हाती जातो. गेलाच आहे.

म्हणून मी म्हणते, वृद्धाश्रमाची लाज वाटून घेणे आपण सोडले पाहिजे. ही पाश्चात्त्य थेरे असल्याचे सांगतात त्यांनी पुण्याला नव्या पेठेत जावे. तिथली ‘निवारा’ ही वृद्धांसाठीची संस्था १८६३ सालची आहे. म्हातारपणी घराबाहेर पडलेली माणसे तेव्हाही होती. घराबाहेर न पडलेली पण घरातल्या घरात टाकलेली त्याहून जास्त होती, गोठ्याशेजारच्या खोपटात, वेगळ्या ताटलीत. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

लाज सोडली म्हणजे आश्रम चांगले झाले असे नाही. काही ठिकाणी भेटीची वेळ तासाभराची, फोन ऑफिसात, तक्रार करावी तर ‘घेऊन जा तुमच्या आईला’. पैशाचेही ऐका. श्रावणबाळचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असले तर. आणि मुलगा कमावता असला की आईची भाकर कागदावर आपोआप भाजली जाते. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तीवेतन ६० ते ७९ वयासाठी महिन्याला २०० रुपये आहे, ते २००७ पासून तिथेच अडकले आहे. बाजारात एक डायपर तीस-चाळीस रुपयांना, दिवसाला तीन म्हटले तरी महिन्याचे तीन हजार. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचा दवाखाना झाला. चांगले आहे. पण तो दवाखान्यात भरती झाल्यावर. रोज कूस बदलून पाठीची जखम होऊ न देण्यासाठी त्यात पैसा नाही. जखम चिघळून दवाखान्यात गेली की आहे.

माझ्या आईची कूस रात्री जी बाई बदलते ती चाळिशीची आहे, नवऱ्याने टाकलेली. बारा तासांची पाळी, पंधरा खाटा आणि एकटी. तिला मिळतात ते पैसे हंगामातल्या मजुरीहून कमी. तिची स्वतःची आई गावाकडे शेजारणीच्या भरवशावर. माझी फी मला परवडते ती या बाईला कमी मिळते म्हणून, हे मला दर महिन्याला पावती घेताना दिसते. मी नोकरी करू शकते, या मासिकाला लेख लिहू शकते, बैठका घेऊ शकते, तेही तिच्यामुळे. आपण जेव्हा आश्रमांची फी कमी करा अशी मागणी करतो तेव्हा त्या मागणीचा भार हिच्यावर पडणार नाही अशी तजवीज आपल्यालाच करावी लागेल. घरकामगार बायांची संघटना बांधली तशी आया-मावश्यांची का बांधली नाही? बहुतेक म्हणून, की इथे मालकीण आपणच आहोत.

कामगाराला पूर्ण मजुरी आणि म्हातारीला परवडणारी खाट, दोन्ही हवे असेल तर मधला पैसा सरकारने घातला पाहिजे, दुसरा मार्ग मला दिसत नाही. आणि हे काही आकाशातले मागणे नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात लिहिले आहे, की निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० जण राहू शकतील असा आश्रम राज्य सरकार काढू शकेल. ‘काढू शकेल’. काढलाच पाहिजे असे नाही. मुलांना जिथे जबाबदार धरले तिथे कायद्याची भाषा सक्तीची, दंडाची, तुरुंगाची. सरकारवर आले तिथे क्रियापद मऊ झाले. हे क्रियापद बदलून घेणे ही आपली मागणी असली पाहिजे. पुतळ्याच्या सुशोभीकरणाला निधी मिळतो त्या जिल्ह्यात दीडशे खाटांना मिळत नाही, हे कुणी ऐकवून घेऊ नये.

तोवर याच कायद्याचा जेवढा उपयोग होईल तेवढा करून घ्यायचा. पाचोरा आणि भडगाव तालुक्यांसाठी अर्ज पाचोऱ्याच्या प्रांत कचेरीत करायचा. प्रांताधिकारी हेच निर्वाह न्यायाधिकरण. वकील लागत नाही. कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. आई स्वतः येऊ शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था तिच्यातर्फे अर्ज करू शकते, म्हणजे आपले मंडळही करू शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर तीस दिवस आणखी. रक्कम महिन्याला दहा हजारांपर्यंत, आणि निर्वाहात अन्न-वस्त्र-निवारा यांच्याबरोबर औषधोपचारही धरलेला आहे. एकाच मुलाविरुद्ध अर्ज असला तर तो इतर भावंडांनाही त्यात ओढू शकतो, तेव्हा मुलींनो, नोटीस तुम्हालाही येईल हे धरून चाला. आपण देत असलेल्या फीच्या पावत्या जपून ठेवा. आतापर्यंत कुणी काय केले याचा दुसरा पुरावा नसतो.

या कायद्यात ‘मुले’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. गावभर जिला आरोपी करतात तिचे कायद्यात नावही नाही, हे फळवाटपाच्या पुढच्या भाषणात कुणीतरी उठून सांगावे. २०१९ साली सून आणि जावई यांना व्याख्येत घालणारे विधेयक लोकसभेत आले होते, ते मंजूर न होता २०२४ साली लोकसभेबरोबर संपले. पुन्हा आले तर आपण विरोध केला पाहिजे. कागदावर जावयाचेही नाव असेल, पण प्रत्यक्षात हजर केली जाईल ती सूनच. नाहीतरी या कायद्याची ढाल करून सुनेला घराबाहेर काढायचे प्रकार होतातच. मुलगा वेगळे राहतो, म्हातारे ‘हे घर आमचे, हिला काढा’ असा अर्ज करतात, आणि मागे बसून अर्ज लिहून देणारा तोच मुलगा. बंगळुरूच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले, की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला मिळालेला घरात राहण्याचा हक्क ज्येष्ठ नागरिक कायदा वापरून उडवता येणार नाही. आपल्याकडे सासूचा अर्ज आला की सुनेला वेगळे भेटून मगच तो पुढे न्यायचा, असा आमचा नियम आहे.

ज्यांच्या नावावर अजून काही आहे अशा आयांना एकच सांगणे. जिवंतपणी घर-शेत मुलाच्या नावे करू नका. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात ‘माझा सांभाळ करील व मूलभूत गरजा पुरवील या अटीवर’ हे शब्द लिहून घ्या. ती अट मोडली तर असे बक्षीसपत्र प्रांताकडून रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसेल तर फार अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालात अट स्पष्ट हवी असे म्हटले होते, जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. पण निकालाच्या उदारपणावर म्हातारपण टाकण्यापेक्षा एक ओळ जास्त टाइप करून घेतलेली बरी. स्टॅम्पवेंडर म्हणेल, असे कुणी लिहीत नाही. लिहायला लावा.

अर्जाचा कोरा नमुना आमच्याकडे मिळेल. येताना आईचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या, सातबारा किंवा घरपट्टीचा उतारा आणि असेल तर हक्कसोडपत्राची नक्कल, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणा. आणि आईला येता येत असेल तर आईलाच घेऊन या, तिला काय हवे आहे ते आम्ही तिलाच विचारू.